मुखपृष्ठावरील उताऱ्यात वाक्य मध्येच तुटते आणि अर्थ उलटा होतो: थीममध्ये काय बदलावे?

हिरवी ओंजळ

नमस्कार. कुंडीतील झाडांची निगा कशी राखावी, या विषयावर मी काही वर्षांपासून मराठीत लिहीत आहे. संकेतस्थळ वर्डप्रेसवर (संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर) असून थीम, म्हणजे पानांचे रूप ठरवणारा फाइलींचा संच, जुन्या घडणीची, म्हणजे पीएचपीच्या साच्यांवर चालणारी आहे. पूर्वी मुखपृष्ठावर दहाही लेख संपूर्ण दिसत, त्यामुळे पान इतके लांबत जाई की मोबाइलवर वाचणारे बहुतेकजण तिसऱ्या लेखापुढे जातच नसत. म्हणून मुखपृष्ठावर प्रत्येक लेखाचे शीर्षक, चित्र आणि थोडासा उतारा एवढेच दाखवायचे मी ठरवले.

आधी सेटिंग्जमधील 'रीडिंग' या पानावर 'पूर्ण मजकूर' की 'उतारा' असा पर्याय दिसला. तो बदलून पाहिला, पण मुखपृष्ठ होते तसेच राहिले. नंतर थीमच्या कस्टमायझरमध्ये (रूप बदलण्याच्या सेटिंग्जमध्ये) उतारा दाखवण्याची सोय सापडली, ती सुरू केली आणि उतारे दिसू लागले. दिसायला पान नेटके झाले, म्हणून मी निर्धास्त झाले होते.

मागच्या महिन्यात एका वाचक बाईंचे पत्र आले आणि माझी झोप उडाली. जाड पानांच्या रोपांवरील माझ्या लेखाच्या सुरुवातीला असे वाक्य आहे: "माती वरून कोरडी दिसत असली, तरी या रोपांना उन्हाळ्यातसुद्धा रोज पाणी घालणे योग्य ठरत नाही." मुखपृष्ठावर मात्र हेच वाक्य "रोज पाणी घालणे योग्य ठरत […]" एवढेच दिसत होते. त्या बाईंनी पुढे "असते" असेल असे समजून तीन आठवडे रोज पाणी घातले आणि रोपाची मुळे कुजली. त्यांनी मला दोष दिलेला नाही, उलट फार सौजन्याने कळवले आहे. तरीही चूक माझ्याच पानावर झाली, ही गोष्ट मनातून जात नाही.

मला उताऱ्याची लांबी ठरवता यायला हवी, कंसातल्या टिंबांऐवजी 'पुढे वाचा' असा दुवा हवा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाक्य मध्येच तुटायला नको. काही उताऱ्यांच्या सुरुवातीला लेखातील पहिले उपशीर्षकही चिकटून येते, त्यामुळे "मातीची निवड कुंडीतील माती भुसभुशीत असावी" असे काहीतरी विचित्र वाचायला मिळते. काही उतारे तर इतरांपेक्षा बरेच लांब दिसतात आणि त्याचे कारण मला उमगलेले नाही. एकदा मी थीमच्या फाइलमध्ये स्वतः बदल करून पाहिला होता, पण पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला गेला. जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

मांडणीकार

आपल्या प्रश्नात चार-पाच गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सुट्या केल्या की बहुतेक गाठी आपोआप सुटतील.

'रीडिंग'मधील तो पर्याय फक्त फीडपुरता, म्हणजे नवे लेख इतर ॲपमध्ये पोचवणाऱ्या यादीपुरता असतो. जे वाचक फीड रीडरमधून लेख वाचतात, त्यांना संपूर्ण लेख द्यायचा की उतारा, एवढेच तो ठरवतो. ब्राउझरमध्ये काय दिसावे, हे थीम ठरवते. थीमच्या साच्यात 'द कंटेंट' हे फंक्शन असेल, तर संपूर्ण लेख येतो आणि 'द एक्सर्प्ट' असेल, तर उतारा येतो. आपल्या थीमच्या कस्टमायझरने या दोहोंतली निवड आपल्या हाती दिली आहे, पण अनेक थीममध्ये ही निवड नसते आणि साचाच बदलावा लागतो.

आता उतारा तयार कसा होतो, ते पाहू. लेखाच्या संपादन पानावर उताऱ्यासाठी वेगळी जागा असते. तिथे आपण काही लिहिले असेल, तर वर्डप्रेस तेच जसेच्या तसे दाखवते. ती जागा रिकामी असेल, तर मूळ लेख घेऊन त्यातले शॉर्टकोड (चौकटी कंसातले संकेत) आणि चित्रांसारखे ब्लॉक (लेखाचे सुटे घटक) बाजूला काढले जातात, उरलेल्या मजकुरातले एचटीएमएलचे टॅग (मांडणीच्या खुणा) पुसले जातात आणि पहिले ५५ शब्द ठेवून पुढे कंसातली तीन टिंबे जोडली जातात. टॅग पुसले की उपशीर्षक आणि परिच्छेद यांच्यातला फरकही पुसला जातो, कारण उपशीर्षकाचा ब्लॉक वगळला जात नाही, फक्त त्याचा ठळकपणा जातो. म्हणून आपल्याला "मातीची निवड कुंडीतील माती" असे सलग वाचायला मिळते. लेखाची सुरुवात उपशीर्षकाने न करता दोन-तीन वाक्यांच्या परिच्छेदाने केली, तर ही तक्रार उरणार नाही.

काही उतारे लांब दिसण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. शब्द मोजताना वर्डप्रेस साधी मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ यांवर मजकूर तोडते. वर्ड प्रोसेसरमधून लेख चिकटवला की पुष्कळदा दोन शब्दांमध्ये 'न तुटणारी' मोकळी जागा येते. डोळ्यांना ती सारखीच दिसते, पण मोजणीत ती धरली जात नाही आणि तिने जोडलेले चार शब्द मिळून एकच शब्द ठरतो. असे लेख उघडून मजकूर साध्या स्वरूपात पुन्हा चिकटवावा आणि त्या जागा शोधून बदलाव्यात.

लांबीसाठी 'एक्सर्प्ट लेंग्थ' नावाचा फिल्टर आहे. फिल्टर म्हणजे वर्डप्रेसचे मूल्य आपल्या फंक्शनमधून बदलून घेण्याची जागा. त्याला जोडलेल्या फंक्शनने जो आकडा परत दिला, तितके शब्द घेतले जातात. टिंबांसाठी 'एक्सर्प्ट मोअर' हा फिल्टर असून त्यातून आपल्याला हवा तो मजकूर किंवा लेखाचा दुवा परत देता येतो. ही दोन्ही फंक्शन्स चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर आधारलेल्या, आपले बदल ठेवणाऱ्या वेगळ्या थीमच्या) 'फंक्शन्स' फाइलमध्ये लिहावीत, म्हणजे मूळ थीम कितीही वेळा अपडेट झाली, तरी आपला बदल शाबूत राहील.

इथे बऱ्याच जणांची एक चूक होते. चाइल्ड थीमची 'फंक्शन्स' फाइल मूळ थीमच्या फाइलच्या आधी वाचली जाते. फिल्टरचा प्राधान्यक्रम सांगितला नाही, तर तो १० धरला जातो आणि समान क्रमांकाचे फिल्टर ज्या क्रमाने नोंदले गेले, त्याच क्रमाने चालतात. मूळ थीमनेही स्वतःची लांबी याच फिल्टरवर ठरवली असेल, तर तिचा आकडा नंतर येतो आणि आपण दिलेला आकडा, समजा ४०, पुसून टाकतो. कोड अगदी बरोबर असूनही काहीच घडत नाही असे वाटते, त्यामागे बहुधा हेच असते. प्राधान्यक्रम ९९९ द्यावा, म्हणजे आपले फंक्शन शेवटी चालेल. त्याच फंक्शनच्या आरंभी 'आपण व्यवस्थापन विभागात असू, तर मिळालेले मूल्य आहे तसेच परत द्यावे' अशी अट घालावी, म्हणजे आतल्या याद्यांवर परिणाम होत नाही.

आपोआप तयार होणारा उतारा डेटाबेसमध्ये साठवला जात नाही, तो दर वेळी नव्याने बनतो. त्यामुळे बदल केल्याबरोबर सर्व जुन्या लेखांना तो लागू व्हायला हवा. तसे दिसले नाही, तर कॅशिंगचे प्लगिन (तयार पाने साठवून ठेवणारी जोडणी) आधी रिकामे करून पाहावे.

कोरा कागद

मी शब्दांऐवजी अक्षरे मोजतो. पीएचपीच्या 'सबस्ट्र' फंक्शनने मजकुराचा १२० पर्यंतचा भाग कापून घ्यायचा आणि साच्यात 'द एक्सर्प्ट'च्या जागी तोच छापायचा. सगळे उतारे जवळपास सारख्या लांबीचे होतात आणि चौकटी एका रेषेत बसतात. माझ्या इंग्रजी संकेतस्थळावर हे बरीच वर्षे विनातक्रार चालू आहे. सीएसएसमधील (पानाची शैली ठरवणाऱ्या भाषेतील) 'लाइन क्लॅम्प'नेही तीन ओळींवर मजकूर थांबवता येतो, तोही मार्ग सोपा आहे.

अनुस्वार

कोरा कागद यांनी सुचवलेला पहिला मार्ग मराठी मजकुरासाठी कृपया वापरू नये. इंग्रजीत तो निभावतो, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट असतो. 'सबस्ट्र' अक्षरे मोजत नाही, बाइट (संगणकातील साठवणीचे एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. म्हणजे १२० च्या मर्यादेत जेमतेम ४० चिन्हे मावतात. शिवाय मोकळी जागा आणि विरामचिन्हे एकेका बाइटाची असल्यामुळे काप नेमका चिन्हाच्या पोटात पडण्याचा संभव फार मोठा असतो. तसे झाले की शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते किंवा तो मजकूर छापलाच जात नाही.

यावर 'एमबी सबस्ट्र' हे फंक्शन सुचवले जाते. ते बाइटांऐवजी चिन्हे मोजते, त्यामुळे प्रश्नचिन्ह येत नाही, पण अक्षर मात्र तुटते. 'क्षितिज' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तो तीन अक्षरांचा आहे. संगणकाच्या लेखी त्यात क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट आहेत. काप दुसऱ्या चिन्हानंतर पडला, तर लंगडा 'क्' उरतो. आपल्याच विषयातले उदाहरण द्यायचे, तर 'माती' या शब्दाची शेवटची वेलांटी कापली गेली की 'मात' उरते. तो तर वेगळाच शब्द आहे आणि वाचणाऱ्याला काही कापले गेले आहे, हे कळतही नाही. पीएचपीच्या 'इंटल' विस्तारात 'ग्राफीम सबस्ट्र' हे फंक्शन आहे, ते अक्षरापासून मात्रा तोडत नाही. जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे, त्यावर फरक पडतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा वर्डप्रेस जसे शब्दांवर तोडते, तसेच तोडू द्यावे. शब्द तरी धड राहतो.

पण शब्द धड राहिला, तरी मूळ दुखणे जात नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते आणि नकार तर त्याच्याही नंतर. "करावे असे नाही", "उपयोगी पडत नाही", "घालू नये" या सगळ्यांत वाक्याचा कल शेवटचा शब्द वाचेपर्यंत कळत नाही. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या पूर्वार्धातच येऊन जातो, त्यामुळे शेपूट तुटली तरी नुकसान कमी होते. आपल्याकडे शेपटीतच जीव असतो. ५५ शब्दांवर आंधळेपणाने कापण्याची रीत आपल्या वाक्यरचनेला मानवणारी नाही, हे आपल्या वाचक बाईंच्या रोपाने फार कठोरपणे दाखवून दिले आहे.

कोडनेच भागवायचे असेल, तर असे करता येते. 'गेट द एक्सर्प्ट' या फिल्टरवर, आपोआप उतारा तयार झाल्यानंतर चालेल असे फंक्शन लिहावे. लांबी थोडी सैल, म्हणजे ६० शब्द ठेवावी आणि त्या मजकुरात शेवटचे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह जिथे असेल, तिथवरचा भाग ठेवून पुढचा सोडून द्यावा. पूर्णविराम शोधताना त्याच्यानंतर मोकळी जागा किंवा मजकुराचा शेवट आहे ना, हेही तपासावे, नाहीतर '२.५ सेंटिमीटर' मधल्या दशांश चिन्हावरच वाक्य संपले असे समजले जाईल. 'डॉ.', 'उदा.', 'इ. स.' ही संक्षिप्त रूपे या तपासणीतूनही निसटतात, म्हणून त्यांची छोटी यादी फंक्शनमध्ये देऊन ती वगळावी लागतात. पहिलेच वाक्य ६० शब्दांहून लांब असेल, तर पूर्णविराम सापडणारच नाही. अशा वेळी तुटका उतारा दाखवण्यापेक्षा उतारा न दाखवणे मला अधिक रास्त वाटते. शीर्षक आणि चित्र आहेच.

'लाइन क्लॅम्प'बद्दलही एक सांगावेसे वाटते. ते मजकूर कापत नाही, फक्त डोळ्यांआड करते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना पूर्ण उतारा ऐकू येतो, पाहणाऱ्याला मात्र तिसऱ्या ओळीवर तुटलेले वाक्यच दिसते. म्हणजे आपली अडचण तिथल्या तिथेच राहते. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने १.२ ठेवले असेल, तर वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार कडेला छाटलेही जातात. वापरायचेच असेल, तर अंतर निदान १.६ ठेवावे.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर ज्या लेखांत निगेचा, मात्रेचा किंवा धोक्याचा सल्ला आहे, त्यांचे उतारे हातानेच लिहावेत. दोन पूर्ण वाक्ये लिहायला पाच मिनिटे लागतात. सल्ला कुठे थांबला तर चालेल, हे लेखकाला ठाऊक असते. यंत्राला ते कळत नाही.

हिरवी ओंजळ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चाइल्ड थीम तयार केली. आधी प्राधान्यक्रम न देता फिल्टर लिहिला आणि मांडणीकार यांनी सांगितल्याप्रमाणे काहीच बदलले नाही. ९९९ लिहिल्याबरोबर लांबी बदलली. 'न तुटणाऱ्या' जागाही सापडल्या. मी पूर्वी टंकून ठेवलेले सात-आठ लेख तसेच चिकटवले होते, तेच सगळे लांब दिसत होते.

अनुस्वार यांचे म्हणणे पटल्यामुळे सर्वांत जोखमीच्या पाच लेखांचे उतारे काल रात्री हाताने लिहिले. ते छान दिसतात, पण नेमक्या त्याच पाच लेखांखाली 'पुढे वाचा' हा दुवा येत नाही, बाकीच्यांखाली येतो. माझ्याकडून काही राहिले का? शिवाय एक उतारा मी चुकून ७० शब्दांचा लिहिला, तर तो ४० शब्दांवर न थांबता पूर्ण दिसतो आहे.

मांडणीकार

आपल्याकडून काही राहिलेले नाही, ही व्यवस्थाच तशी आहे. 'एक्सर्प्ट लेंग्थ' आणि 'एक्सर्प्ट मोअर' हे दोन्ही फिल्टर उतारा आपोआप बनवताना वापरले जातात. हाताने लिहिलेला उतारा असेल, तर बनवण्याचा टप्पाच येत नाही, त्यामुळे लांबीची मर्यादाही लागत नाही आणि दुवाही जोडला जात नाही. लेखकाने लिहिलेल्या शब्दांना हात लावायचा नाही, हे धोरण मला योग्यच वाटते. ७० शब्दांचा उतारा लिहिला असेल, तर तो आपणच आटोपता घ्यायचा.

दुव्यासाठी सरळ उपाय असा की 'एक्सर्प्ट मोअर'मधून दुवा काढून टाकावा, तिथे फक्त तीन टिंबे ठेवावीत आणि 'पुढे वाचा' साच्यातच 'द एक्सर्प्ट'च्या खालच्या ओळीवर लिहावे. मग उतारा कसाही आलेला असो, दुवा दर वेळी एकाच जागी दिसेल. त्यासाठी मुखपृष्ठाच्या यादीत एकेक लेख छापणारी साच्याची फाइल मूळ थीममधून चाइल्ड थीममध्ये त्याच नावाने आणि त्याच फोल्डरच्या रचनेत नकलून घ्यावी. वर्डप्रेस आधी चाइल्ड थीममधली फाइल शोधते. फक्त मूळ थीमचे मोठे अपडेट आले की त्या फाइलमध्ये काही बदलले आहे का, हे एकदा ताडून पाहावे, कारण नकलेत तो बदल आपोआप येणार नाही.

दुव्याच्या शब्दांकडेही लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दृष्टिहीन वाचक पानावरील दुव्यांची वेगळी यादी ऐकतात. तिथे त्यांना दहा वेळा 'पुढे वाचा, पुढे वाचा' एवढेच ऐकू आले, तर कोणता दुवा कशाचा, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून 'पुढे वाचा'च्या जोडीला लेखाचे शीर्षकही दुव्याच्या आत लिहावे आणि ते 'स्क्रीन रीडर टेक्स्ट' या क्लासमध्ये ठेवावे. त्या क्लासच्या शैली बहुतेक थीममध्ये आधीच असतात. डोळ्यांना फक्त 'पुढे वाचा' दिसते, पण ऐकणाऱ्याला पूर्ण नाव मिळते.

नवी चौकट

पुढे कोणी ब्लॉक थीम (पाने पीएचपीच्या फाइलींऐवजी ब्लॉक जोडून रचणारी नवी थीम) वापरणारे हा धागा वाचतील, त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवतो. तिथे साच्याच्या फाइलला हात लावावा लागत नाही. साइट एडिटरमध्ये मुखपृष्ठाचा साचा उघडून 'क्वेरी लूप'च्या (लेखांची यादी दाखवणाऱ्या ब्लॉकच्या) आत मजकुराचा ब्लॉक असेल, तर त्याच्या जागी उताऱ्याचा ब्लॉक ठेवावा. शब्दांची संख्या उजवीकडच्या पट्टीवर १० ते १०० च्या दरम्यान ठरवता येते आणि दुव्याचे शब्दही तिथेच लिहिता येतात. मात्र एक महत्त्वाचा फरक लक्षात असू द्या. हा ब्लॉक हाताने लिहिलेला उताराही ठरवलेल्या शब्दसंख्येवर कापतो. म्हणजे हाताने लिहिलेल्या उताऱ्याला लांबीची मर्यादा लागत नाही, हे मांडणीकार यांनी वर सांगितलेले ब्लॉक थीममध्ये लागू नाही. हाताने ४५ शब्दांचे उतारे लिहिणार असाल, तर पट्टी ६० च्या वर ठेवा, नाहीतर लिहिलेल्या पूर्ण वाक्यातलाही 'नाही' गळून पडेल.

हिरवी ओंजळ

सर्व उतारे आता ठीक दिसत आहेत. 'पुढे वाचा' साच्यात लिहिल्यावर दुवा सर्वत्र एकाच जागी आला आणि शीर्षकही दुव्यात घातले आहे. वाक्याच्या शेवटी थांबणारे फंक्शन एका स्नेह्यांकडून लिहून घेतले. पहिल्याच फेरीत ते 'उदा.'वर थांबले, म्हणून यादी वाढवावी लागली.

ज्या लेखावरून हे सारे सुरू झाले, त्याचा उतारा आता असा आहे: "या रोपांना रोज पाणी घालू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि आतली माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे." नकाराचे वाक्य मुद्दाम पहिले आणि तोकडे ठेवले आहे. त्या बाईंनाही तो पाठवून वाचून घेतला आणि यातून काय समजले, ते त्यांना विचारले.

एक शंका उरली आहे. माझे दोनशेच्या वर लेख आहेत. त्यांतल्या कोणत्या लेखांचा उतारा हाताने लिहिलेला आहे आणि कोणत्यांचा आपोआप आलेला आहे, हे एकेक लेख न उघडता कळेल का?

मांडणीकार

कळेल. लेखांच्या यादीच्या पानावर वरच्या कोपऱ्यातील 'स्क्रीन ऑप्शन्स' उघडून 'एक्स्टेंडेड व्ह्यू' निवडावे, म्हणजे प्रत्येक शीर्षकाखाली उतारा दिसू लागतो. आपल्या फंक्शन्समध्ये व्यवस्थापन विभाग वगळण्याची अट आहे, त्यामुळे तिथे वर्डप्रेसचा मूळचा उतारा आणि मूळची कंसातली टिंबे दिसतील. लहानातला लहान लेख सोडला, तर ज्याच्या शेवटी ती टिंबे आहेत तो आपोआप आलेला आणि ज्याच्या शेवटी नाहीत तो आपण लिहिलेला. वाक्यावर थांबणारे फंक्शन स्नेह्यांनी लिहिले आहे, त्यातही तीच अट आहे ना, एवढे पाहून घ्यावे. त्याच पानावर दर वेळी किती लेख दिसावेत, तो आकडा ५० करावा, म्हणजे चार-पाच पानांत सगळे लेख नजरेखालून जातील.